कप शिकायला तीन पाळ्या द्या

पहिल्यांदा मासिक पाळीचा कप घातला तेव्हा तो आत जायला वीस मिनिटं लागली आणि बाहेर यायला पाऊण तास. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. घरात एकच बाथरूम. सासूबाईंनी बाहेरून दोनदा विचारलं, "बरं आहे ना गं?" मी आत घामाघूम. कपाच्या बुडाची दांडी बोटांना लागत होती, पण ओढली की आतून ओढ बसायची आणि कप जागचा हलायचा नाही. आता डॉक्टरकडे जाऊनच काढावा लागणार असं वाटून शेवटी मोठ्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आधी दांडी सोड. उकिडवी बस, श्वास सोड आणि शौचाला करतेस तसा खाली जोर दे. कपाचं बूड हाताला लागलं की ते चिमटीत दाब, मग काढ." दोन मिनिटांत कप हातात आला.

त्याला आता सात वर्षं झाली. या काळात दोन बहिणी, आई, शेजारच्या दोघीतिघी आणि ऑफिसातल्या काही मुली माझ्याकडून कप वापरायला शिकल्या. ज्यांनी तो सोडून दिला, त्या जवळजवळ सगळ्यांनी पहिल्याच पाळीत सोडला. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: एका पाळीवरून काही ठरवू नका. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात कपाविषयीच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. कपातून होणारी गळती पॅडइतकीच किंवा त्याहून कमी असते, पण हात बसायला काही पाळ्या जाव्या लागतात, असं त्यात दिसलं होतं. माझा अनुभवही तोच आहे. तीन पाळ्या द्या. तिसऱ्या पाळीनंतरही जमलं नाही, तर खुशाल पॅड किंवा सुती घडीकडे परत जा.

कप कुठे बसतो

कप म्हणजे वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची मऊ, उलटी धरलेली छोटी घंटा. तो रक्त शोषत नाही, साठवतो. ही कल्पना आजची नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ मध्येच अशा कपाचं पेटंट घेतलं होतं. तेव्हाचे कप रबराचे होते. पुढे महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि ते मागे पडले.

खरी अडचण कपाची नसते, आपल्याला आपल्याच शरीराचा नकाशा माहीत नसतो ही असते. खाली तीन वाटा आहेत: पुढे लघवीची, मागे शौचाची आणि मधली योनीमार्गाची. कप मधल्या वाटेत बसतो. त्यामुळे कप आत असताना लघवी आणि शौच दोन्ही करता येतं. दोन मुलांची आई असलेल्या एका वहिनींनी मला हळूच विचारलं होतं, "मग लघवीला प्रत्येक वेळी काढायचा का?" त्यांना आजवर कुणी हे सांगितलंच नव्हतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "पोटात गेला तर?" जाऊच शकत नाही. योनीमार्ग वरच्या टोकाला बंद असतो. तिथे गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की त्यातून फक्त स्राव येतो. कप कितीही वर सरकला तरी तिथेच थांबतो. जोर दिला की खाली येतो.

तिसरा प्रश्न आया विचारतात, लग्न न झालेल्या मुलींसाठी. योनीपटल हा काही ताणून बसवलेला पडदा नसतो. ती कडेची लवचीक घडी असते. प्रत्येकीची वेगळी असते, काहींना जन्मतः जवळजवळ नसतेच. कप घालताना ती ताणली जाऊ शकते, क्वचित थोडी फाटूही शकते. पण तिच्यावरून मुलीविषयी काहीही सिद्ध होत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही हे लावून धरलं होतं. त्यानंतर २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची लक्षणं' हा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून काढून टाकला. घरात कुणी हरकत घेतली, तर एवढं सांगायला हरकत नाही. मुलीची स्वतःची तयारी नसेल, तर मात्र आग्रह करू नका. कप हा जिचा तिने ठरवायचा विषय आहे.

विकत घेण्याआधी बोटाने मोजा

दुकानात किंवा ऑनलाइन वयावरून मापं दिलेली असतात: तिशीच्या आतल्या आणि योनीमार्गाने बाळंतपण न झालेल्यांना लहान, बाकीच्यांना मोठं. सुरुवातीला हे ठीक आहे. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते तुमचं गर्भाशयाचं तोंड किती खाली आहे. पाळीच्या दुसऱ्या दिवशी नखं कापून, साबणाने हात धुऊन, मधलं बोट हळूच आत घाला. नाकाच्या शेंड्यासारखं टणक पण गुळगुळीत काहीतरी लागेल, ते गर्भाशयाचं तोंड. बोटाचं पहिलं पेर आत जाताच लागलं, तर ते खाली आहे. आखूड कप घ्या. दुसऱ्या पेरापर्यंत गेल्यावर लागलं तर बहुतेक कप चालतील. अख्खं बोट घालूनही जेमतेम लागलं तर लांब कप किंवा लांब दांडीचा कप बघा. हे तोंड महिनाभर वरखाली होत असतं, म्हणून मोजणी पाळीतच करायची.

नियमित व्यायाम करणाऱ्यांचे खालचे स्नायू घट्ट असतात. त्यांना फार मऊ कप आत गेल्यावर उघडत नाही, थोडा टणक लागतो. उलट टणक कपाने लघवीची धार अडल्यासारखी वाटली, तर मऊ घ्या.

बरे कप साधारण ३०० ते १,००० रुपयांत मिळतात. कंपन्या पाच ते दहा वर्षं टिकतो म्हणतात. एका पाळीला १५ पॅड धरले तरी वर्षाचे १८० होतात. ते कुठे जातात हेही बघा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने घराघरांना विनंती केली होती की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला पुडी उघडल्यावरच कळायचं की आत काय आहे. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये 'एचएलएल लाइफकेअर' या सरकारी कंपनीबरोबर ५,००० कप वाटले. जानेवारी २०२२ मध्ये केरळातलंच कुंबळंगी हे गाव सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून जाहीर झालं. तिथेही आधी बायकांना शिकवलं गेलं, मग कप हातात दिले. नुसता कप हातात दिला तर तो कपाटातच राहतो.

काहीजणींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचंच. तांबी, म्हणजे कॉपर-टी बसवली असेल तर कप काढताना तिचा दोरा ओढला जाऊन ती सरकू शकते. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, वारंवार योनीमार्गाचा जंतुसंसर्ग होत असेल, नुकतीच खालची शस्त्रक्रिया झाली असेल तरीही विचारा. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर जे अंगावरून जातं, त्यासाठी कप वापरायचा नाही. साधारण सहा आठवडे थांबा आणि तपासणीनंतरच सुरू करा.

पहिली पाळी: घरी, सुट्टीच्या दिवशी

पाळी नसताना सराव करू नका. तेव्हा आत ओलावा कमी असतो, दुखतं, आणि मन उगाच धसका घेतं. पाळीचा दुसरा दिवस निवडा, रविवार असेल तर उत्तम.

आधी कप उकळा. त्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवा. खरं तर उकळत्या पाण्यात बहुतेक जंतू मरतात, पण घरात वाद नको म्हणून वेगळं बरं. कप पूर्ण बुडेल एवढं पाणी, उकळी फुटल्यावर पाच ते सात मिनिटं. गॅससमोरून हलू नका. माझ्या एका बहिणीने पातेलं ठेवलं आणि मुलाचा अभ्यास घ्यायला बसली. पाणी आटलं, कप तळाला चिकटून जळला आणि घरभर धूर झाला. मोबाइलवर गजर लावा.

आता घड्या. सगळ्यात सोपी 'सी' घडी: कप चपटा करून मधोमध दुमडायचा. तिची कड रुंद राहते, म्हणून नवख्या हातांना मला दुसरी घडी बरी वाटते. कपाच्या कडेचा एक भाग बोटाने आत बुडापर्यंत दाबायचा. वरचं टोक निमुळतं होतं, कळीसारखं. आधी हातात धरून चार-पाच वेळा उघडा आणि मिटा. किती जोराने उघडतो ते कळलं की भीती कमी होते.

उकिडवं बसा किंवा एक पाय बादलीवर ठेवा. भारतीय पद्धतीचा संडास यासाठी फार सोयीचा. कप पाण्याने ओला करा. खोबरेल तेल लावू नका. तेलाने काही कप खराब होतात आणि आतला नैसर्गिक तोलही बिघडू शकतो. पाणी पुरतं, फारच कोरडं वाटलं तर औषधाच्या दुकानात मिळणारी पाण्यावर आधारित जेली. मग श्वास सोडत कप आत न्या. सरळ वर नाही, मागे माकडहाडाच्या दिशेने. इथेच बहुतेकजणी चुकतात. सरळ वर ढकलला की अडतो, दुखतं, आणि आपल्यात काही कमी आहे असं वाटू लागतं. योनीमार्ग तिरका असतो, एवढंच.

कप टॅम्पॉनसारखा, म्हणजे आत घालायच्या शोषक बोळ्यासारखा, फार वर न्यायचा नाही. दांडीचं टोक योनीच्या तोंडाशी आत राहिलं की झालं. सोडला की तो उघडतो, कधी 'टप्' असं जाणवतं. मग बोट कपाच्या बुडाभोवती गोल फिरवा. गोल लागला तर उघडला. पोचा लागला तर बूड धरून थोडा फिरवा किंवा काढून पुन्हा घाला.

पाच मिनिटांत जमलं नाही तर थांबा. चहा घ्या, तासाभराने पुन्हा बघा. अंग आखडलेलं असताना कप जात नाही. या पाळीत खाली पॅड किंवा सुती घडी ठेवाच. गळणार आहे, ते धरून चाला. दांडी टोचली तरी लगेच कापू नका. पुढच्या पाळीपर्यंत कपाची जागा बदलेल. नंतरही टोचत राहिली तर कप बाहेर काढून थोडी कापा आणि कापलेलं टोक बोटाने तपासा.

काढणं. हे दहा वेळा वाचलं तरी चालेल. हात धुवा. उकिडवं बसा. जोर द्या. बूड चिमटीत दाबा, म्हणजे आतली हवाबंद पकड सुटेल. पकड सुटल्याशिवाय ओढायचं नाही. दांडी धरून ओढणं तर कधीच नाही. दाबूनही सुटत नसेल तर एक बोट कपाच्या कडेपर्यंत नेऊन ती थोडी आत दाबा. मग डावीउजवीकडे हलवत सरळ खाली काढा, शेवटी थोडा तिरका करून. पहिल्यांदा अंघोळीच्या वेळीच काढा, म्हणजे सांडलं तरी काळजी नाही. आत आहे तोवर तो हरवत नाही. हाताला लागत नसेल तर थोडं चाला, मग परत बसा.

दुसरी पाळी: गळतीचा शोध

दुसऱ्या पाळीत हात थोडा सरावतो आणि प्रश्न उरतो गळतीचा. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कप पूर्ण उघडलेला नसतो. त्यानंतरचं कारण म्हणजे कप गर्भाशयाच्या तोंडाच्या बाजूला बसलेला असतो. म्हणून घालण्याआधी बोटाने तोंड शोधा, घातल्यावर ते बाहेर लागत नाही ना ते बघा. कपाच्या कडेखाली बारीक छिद्रं असतात. ती बुजली तरी पकड नीट बसत नाही. कप पाण्याने भरून तळहाताने झाका आणि दाबा. छिद्रांतून बारीक धारा आल्या पाहिजेत. बद्धकोष्ठ असेल तर मागच्या बाजूने दाब येऊन कप सरकतो. शौचाला जोर दिल्यावरही तो खाली येतो, म्हणून नंतर हात धुऊन जागा तपासा. काढल्यानंतर थोडा वेळ एखादा थेंब आला, तर ती गळती नाही, भिंतींवर राहिलेला स्राव असतो.

कप आठ तासांनी रिकामा करावा, जास्तीत जास्त बारा. पहिल्या दोन दिवसांत रक्त जास्त असेल तर चार-सहा तासांनी. सकाळी निघताना आणि घरी आल्यावर, एवढं बहुतेकींना पुरतं. त्यामुळे बाहेर कप बदलायची वेळच कमी येते. एसटीच्या प्रवासात किंवा लोकल गाठायच्या धांदलीत हे फार सुटकेचं वाटतं. बाहेर काढावाच लागला, तर पाण्याची बाटली आत न्या, हात बाहेरच धुऊन घ्या, कप रिकामा करून खळबळा आणि परत घाला. साबणाने घरी गेल्यावर धुवा.

घरी धुताना आधी थंड पाणी. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग बिनवासाचा सौम्य साबण, तोही नीट निघून जाईपर्यंत पाणी. जंतुनाशक द्रव, व्हिनेगर, ब्लीच काही लागत नाही. आतल्या नाजूक त्वचेची आग होते. पाळी संपली की उकळा, कोरडा करा आणि सुती पिशवीत ठेवा. बंद प्लास्टिकच्या डब्यात ओल राहून वास धरतो. पिवळट झाला तर बिघडला असं नाही. चिकट लागला, तडा गेला किंवा उकळूनही वास जात नसेल तर बदला. आपला कप दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

कप हे गर्भनिरोधक नाही, आणि संबंधांच्या वेळी घंटेच्या आकाराचा कप काढायचाच.

एक दुर्मीळ पण गंभीर गोष्ट माहीत असू द्या. पाळीत कप वापरत असताना अचानक खूप ताप, उलट्या-जुलाब, चक्कर आणि उन्हाने भाजल्यासारखं लाल पुरळ असं काही झालं, तर कप लगेच काढा, ताबडतोब दवाखाना गाठा आणि कप वापरत होते हे स्वतःहून सांगा. याला टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात. तो टॅम्पॉनमुळे जास्त चर्चेत आला, पण कपाच्या बाबतीतही अगदी थोड्या नोंदी आहेत. स्वच्छ हात आणि बारा तासांची मर्यादा पाळायची ती म्हणूनच.

पाणी आणि आडोसा दोन्ही नसलेल्या ठिकाणी मी कपाचा आग्रह धरत नाही. उसाच्या फडात कोपीत राहणाऱ्या बाईला हात धुवायलाच पाणी नसेल, तर आधी पाणी आणि संडास हवा, कपाचं नंतर बघू.

तिसरी पाळी: आकडे वाचा

तिसऱ्या पाळीपर्यंत बहुतेकींना पॅडची जोड लागत नाही. आता कपावरच्या खुणांकडे बघा. बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या रेघा असतात. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि ८० च्या वर गेलं तर ते जास्त मानतात. कपात सगळं रक्तच असतं असं नाही, पण अंदाज येतो. पॅडवरून हा अंदाज कधीच येत नव्हता.

आईला मी कप शिकवला तेव्हा ती ४७ वर्षांची होती. "या वयात अंगावर जास्तच जातं," असं म्हणत तिने तीन वर्षं काढली होती. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची. मी तिला प्रत्येक वेळी रेघ बघून आकडा लिहायला सांगितलं. तिने कालनिर्णयच्या चौकोनांत, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने आकडे मांडले: ४०, ७५, ४५, २०, १०. बेरीज १९०. तेच पान फाडून आम्ही डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पान बघितलं, लगेच हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी सांगितली. हिमोग्लोबिन ८ निघालं, गर्भाशयात गाठी होत्या. औषधं सुरू झाली आणि कप चालू ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही.

पुढच्या वर्षीच्या कालनिर्णयवर दिवाळीच्या महिन्यात तिची बेरीज ७० होती. खाली तिने स्वतःच रेघ मारून ठेवली होती.